पाटोदा ते तेलगाव, व्हाया डेन्मार्क

आमच्या पाटोद्यातून हल्ली कुणी ना कुणी परदेशी जाऊन येतं. आलं की पुढचा महिनाभर बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून ते सांगत राहतं आणि आमचे ऐकून ऐकून कान किटतात. मी स्वतः कुठेही गेलेलो नाही. एकदा हौसेने पासपोर्ट काढला होता, तो कपाटातल्या कपाटात म्हातारा झाला. पण या ऑक्टोबरात मी आणि आमची ही, दोघांनी मिळून दोन दिवसांत डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड असे चार देश पाहिले, आणि तेही लाल एसटीने, अर्ध्या तिकिटात. ज्यांचं जायचं राहिलं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

झालं असं की आमच्या डोंगरपट्ट्यावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या कामासाठी डेन्मार्कच्या एक इंजिनिअर बाई बीडला येऊन राहिल्या आहेत. इंगर त्यांचं नाव. त्यांनी आपल्या आणि शेजारच्या तीन देशांतल्या जुन्या चित्रकार बायकांची चित्रं मूळ मापात छापून मागवली आणि बीडच्या एका कॉलेजच्या हॉलात प्रदर्शन भरवलं. पेपरात चार ओळींची बातमी आली. मी ती वाचून बाजूला ठेवली. हिने ती कात्रीने कापून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. तेव्हाच ओळखलं, आता जावं लागणार.

आमची ही चित्रं काढते. मी पोस्टातून निवृत्त झालो, पोरं आपापल्या कामाला लागली, तेव्हापासून जास्तच. चेहरे तिला फारसे जमत नाहीत हे तीच सांगते, पण हात काढावेत तर तिनेच. यंदा तिने कापूस वेचणाऱ्या बायकांचं मोठं चित्र काढलं. वाकलेल्या बायका, चेहरे पदराआड, पुढे फुगलेल्या ओट्या, आणि बोंडातून कापूस उपसणारी पाच-सहा जणींची बोटं. तिच्या माहेरच्या शाळेचे, म्हणजे तेलगावच्या शाळेचे मुख्याध्यापक काही कामाने घरी आले होते. त्यांनी ते पाहिलं आणि शाळेच्या नव्या सभागृहासाठी मागूनच घेतलं. अट एकच. चित्राखाली काढणाऱ्याचं नाव पाहिजे.

इथेच गाडी अडली. हिने आजवर एकाही चित्रावर सही केलेली नाही.

"अगं, नाव घालायला काय जातंय?" मी म्हणालो.

"काई जात न्हाई. कोणतं घालू तेवढं ठरंना."

कारण हिला नावं दोन. तेलगावात ही इंदुमती बाबाराव जाधव. लग्न होऊन आमच्या घुमऱ्यांच्या घरात आली, तर आमच्याकडे एक इंदू आधीच होती, माझी धाकटी बहीण. एका घरात दोन इंदू झाल्या तर हाक कुणाला मारायची, असा आईला प्रश्न पडला. तेव्हा लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीने 'शैलजा' लिहिलं. आईने सांगितलं, मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून मामाने पाठही थोपटली. बहीण पुढच्याच वर्षी लग्न होऊन गेली, पण शैलजा शैलजाच राहिली. मी मात्र तिला दोन्हीपैकी एकाही नावाने कधी बोलावलं नाही. आमचं सगळं 'अगं' आणि 'ऐकलं का' वर भागलं.

माझ्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. मी गुपचूप एक पितळी पाटी करून घेतली. 'सौ. शैलजा दत्तात्रय घुमरे, पाटोदा.' म्हटलं, तेलगावला ऐनवेळी पिशवीतून काढून देऊ, बाईसाहेब खूश होतील. काचेच्या चौकटीतलं चित्र तिच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळलं. आधी बीडचं प्रदर्शन पाहायचं, मुक्काम भाचीकडे करायचा, दुसऱ्या दिवशी तेलगावला चित्र पोचतं करायचं, असा बेत करून आम्ही निघालो.

कपिलधार

बीडला जाताना मांजरसुंब्याला उतरून कपिलधारला जायचं, हा तिचा हट्ट. मोठं काम घेऊन निघालं की आधी तिथे डोकं टेकवायचं, ही तिच्या माहेरची पद्धत.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर सीताफळांचे ढीग लागले होते. एका चाचांनी पाटी पुढे सरकवली. "ले जाव बाई, शक्कर हाय शक्कर!" हिने एकेक दाबून, डोळे उकललेली तेवढी बाजूला काढली. मी शहाणपणा करून ती पिशवी चित्राच्या गाठोड्यावर ठेवली, आणि रिक्षा दरीत उतरायला लागली तेव्हा दुसऱ्याच वळणावर मीही त्या पिशवीवर बसलो. इरकलीवर गर पसरला. काच वाचली. हिने उरलेली दोन सीताफळं आपल्या मांडीवर घेतली.

पाऊस सरून महिना झाला असेल, तरी धबधब्याची धार चालू होती. उन्हात तिचे तुषार थेट पायऱ्यांपर्यंत येत होते. समाधीचं दर्शन घेऊन आम्ही झाडाखाली धपाटे सोडले. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारी भगव्या कफनीतले एक म्हातारे स्वामी बसले होते. हिने त्यांना दोन धपाटे वाढले. पोस्टात आयुष्य काढल्यामुळे माणूस दिसला की त्याचा पत्ता विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"महाराज, मूळ गाव कोणतं म्हणायचं?"

"पूर्वाश्रमीचं इचारू नये, बाबा," ते शांतपणे म्हणाले. "घर सुटलं, नाव सुटलं. धपाटे लई झ्याक झालेत."

मी जीभ चावली. ही मात्र त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "नाव टाकायला बाबाला किती साधना करावी लागली आसंल, न्हाई?" मला वाटलं ही भक्तीने बोलते आहे, म्हणून मी मान हलवली.

बीड

हॉलच्या दारात इंगरबाई स्वतः उभ्या होत्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, पायांत आपल्या बाजारातल्या चपला. "या, या. बसा. चहा?" एवढं मराठी त्यांना स्वच्छ येतं, आणि बीडमध्ये राहायला तेवढं पुरतं. पुढचं बोलणं शेख सरांच्या मार्फत. शेख सर तिथले चित्रकलेचे शिक्षक. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. प्रत्येक चित्राखालचा मराठी मजकूर सरांनीच लिहिला होता, आणि अक्षर असं की छापल्यासारखं.

मी प्रामाणिकपणे सांगतो, मला पऱ्या आणि राजवाडे अपेक्षित होते. निघालं भलतंच. खिडकीशी बसून बटाटे सोलणारी बाई. किनाऱ्यावर वाऱ्यात उभ्या राहिलेल्या कोळणी, आणि एकीचाही पदर जागेवर नाही, म्हणजे त्यांच्याकडे पदर असता तर. काळ्या पावाची लादी कापणारी आजी, पाव छातीशी धरून सुरी स्वतःकडे ओढणारी. आपल्याकडे कुणी असं करताना दिसलं तर चार जणी धावून येतील. एका चित्रात नुसतं बर्फाने भरलेलं शेत होतं. त्यापुढे एक पागोटंवाले आजोबा उभे होते, ते मला म्हणाले, "कापूस लई फुटलाय, पर येचायला एक बाई न्हाई." मी त्यांना बर्फ म्हणून सांगितलं. त्यांनी अविश्वासाने माझ्याकडे पाहिलं.

शेख सर सांगत होते. त्या काळी तिकडच्या काही मोठ्या चित्रशाळांत बायकांना प्रवेश नव्हता. कुणी घरी शिकवणी लावून शिकली, कुणी बापाकडे, कुणी परदेशी जाऊन. मला आश्चर्य वाटलं. मी समजत होतो की ही असली अडवणूक फक्त आपल्याकडेच होते, गोऱ्या लोकांत सगळं आधीपासून ठाकठीक असणार.

एका चित्रात चित्रकार बाईने स्वतःलाच काढलं होतं. मांडीवर लेकरू, हातात ब्रश. ही तिथे थांबली.

"लेकरू मांडीवर आन् ब्रश हातात. मंग भाकरी कवा केल्या आसतील हिनं?"

शेख सरांनी ते इंगरबाईंना सांगितलं. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या की अगदी बरोबर विचारलंत, हिचा नवराही चित्रकार होता, त्याच्यासाठी घरात वेगळी मोठी खोली होती, आणि ही स्वयंपाकघरात काढायची. हिने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे ही स्वयंपाकघरातच काढते आणि पुढच्या खोलीत मी पेपर वाचतो. मी पुढच्या चित्राकडे सरकलो.

पुढच्या चित्रात मासा साफ करणारी एक बाई होती. खाली लिहिलं होतं : 'मारेन ब्रेक. जन्म : डाल.' मी मोठ्याने वाचलं आणि माहिती पुरवली, "डाल गावची दिसते." पोस्टातल्या माणसाला गावाचं नाव लगेच कळतं.

ही ऐकतच नव्हती. ती उलट्या पावली मागे गेली, पार दाराजवळच्या भिंतीपर्यंत. तिथे विणकाम मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीचं लहानसं चित्र होतं. खाली फक्त 'एम. डाल'. येताना ते पाहून मी म्हटलं होतं की बायकांच्या प्रदर्शनात हे एक गृहस्थ घुसवलेले दिसतात. ती त्या चित्रापुढे उभी राहिली, मग माशापुढे आली, पुन्हा तिकडे गेली. चार खेपा झाल्या. हॉलमधली माणसं चित्रं सोडून हिच्याकडे बघायला लागली.

"अहो, हिकडं या. करंगळी बघा."

"कुणाची?"

"दोघींची. म्हातारीनं सुई धरलीय, तिची करंगळी सुटी. हिनं सुरी धरलीय, हिची बी करंगळी सुटी. आन् अंगठ्याच्या नखावर उजेड पडलाय तो बघा, येकाच जागी. ही दोन्ही चित्रं येकाच बाईची हायेत."

"अगं, ही मारेन ब्रेक आणि तो एम. डाल. डाल हे तर हिचं गाव आहे."

"गाव कधी चित्र काढतंय का हो?" ती म्हणाली. "डाल गाव न्हाई. डाल हिचं माहेर हाय."

शेख सर धावत आले. मूळ इंग्रजी कागद काढला, वाचला, आणि कपाळावर हात मारला. "काकू, घोटाळा माझाच झाला. नावापुढं 'née' व्हतं, डिक्शनरीत त्याचा अर्थ 'जन्मलेली' आसा. मी 'जन्म' लिवून पुढं डाल टाकून दिलं. लग्नाच्या आधी ती डाल व्हती. दोन्ही चित्रं तिचीच." इंगरबाईंनी तर हिचे दोन्ही हात धरले. पंधरा दिवसांत हजारभर माणसं येऊन गेली होती, पण फक्त करंगळीवरून बाई ओळखणारी ही पहिलीच. मला इतका अभिमान वाटला की मघाशी 'डाल गावची' म्हणालो होतो ते मी लगेच विसरून गेलो.

"मंग आता काय लिवायचं ह्याला, काकू?" शेख सरांनी विचारलं.

"पेपरात येतंय की, निधनाच्या बातमीत. पूर्वाश्रमीच्या."

शेख सरांनी इंगरबाईंना तो शब्द समजावला. मूळ शब्द संन्याशाचा. माणूस घरदार सोडतो, नवं नाव घेतो, तेव्हा आधीचं सगळं पूर्वाश्रमीचं होतं. आणि मराठीत हा शब्द संन्याशाला आणि लग्न झालेल्या बाईला, असा दोघांनाच लागतो. मी आयुष्यभर हा शब्द वाचत आलो, पण माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं. इंगरबाईंनी विचारलं, म्हणजे तुमच्याकडे लग्न हा संन्यास असतो का?

"संन्यासी तरी आपल्या मनानं नाव टाकतो," ही म्हणाली.

मग चहा आला. खुर्च्यांवर बसून हिने आपली हकीकत सांगितली. आमच्याकडे नुसतं आडनावच नाही, तर पहिलं नावही बदलतात, हे ऐकून इंगरबाईंचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "पहिलं पण?" त्यांनी चक्क मराठीत विचारलं.

"हौ. आन् त्याची येक गंमत हाय," ही म्हणाली. "शाळंत मी चित्रकलेची इंटरमिजिएटची परीक्षा दिलती. लग्न झालं आन् मंग सर्टिफिकेट आलं. शाळेनं ते पाटोद्याला पाठीवलं. कु. इंदुमती बाबाराव जाधव, मुक्काम पोस्ट पाटोदा. सासरचं आडनाव कारकुनाला ठाव नव्हतं. पाटोद्याला पोस्टमन कोण? तर हे."

माझ्या हातातला चहा गार व्हायला लागला, कारण मला ते पाकीट आठवलं. लांबट, आत पुठ्ठा घातलेलं. पाटोद्यातल्या जाधवांच्या एकूण एक घरी मी ते घेऊन फिरलो होतो. इंदुमती नावाची लेक, सून, कुणी पाहुणी? सगळ्यांनी नाही म्हटलं. तीन दिवस ठेवून मी नियमाप्रमाणे शेरा मारला, 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही', आणि पाकीट परत पाठवलं. सगळ्या जाधवांना विचारलं, फक्त आमच्या घरी विचारलं नाही. आमच्या घरी तर शैलजा राहत होती.

"दिवाळीत म्हायेरी गेल्ते, तवा गुरुजींनी ते हातात दिलं," ती सांगत होती. "पाकिटावर ह्यांचं अक्षर. वळणदार, ताटातल्या नावासारखं."

"मग मला कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तवा लई रडले. मंग हसू यायला लागलं. पोस्टमनच्या घरात ऱ्हाऊन माझंच पत्र वापस! कुणाला सांगून पटलं आसतं? आन् तुमचं तरी काय चुकलं? त्या नावाची बाई तितं ऱ्हातच नव्हती की."

शेख सर हसले, ती हसली, भाषांतर झाल्यावर इंगरबाईही हसल्या. मीही हसलो, पण मला फार लाज वाटली. कुणी रागावलं असतं तर सोपं गेलं असतं.

निघताना शेख सरांनी आमच्यासमोरच जुनी चिठ्ठी काढून नवी लिहिली : 'मारेन ब्रेक, पूर्वाश्रमीच्या एम. डाल.' मग म्हणाले, "काकू, अब्बा किराणा दुकानाची पाटी रंगवायचे ना, तरी कोपऱ्यात बारीक आपलं नाव टाकायचे. मालक म्हणायचा, कावून टाकता? अब्बा म्हणायचे, दुकान तुमचं हाय, अक्षर माझं हाय. तुमी बी टाका."

इंगरबाईंना तिने उरलेल्या दोन सीताफळांपैकी मोठं दिलं.

तेलगाव

सकाळी भाचीने पोटभर पोहे घातले आणि आम्ही तेलगावची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे कापूस. कापसात बायका दिसल्या की ही खिडकीतून त्यांचे हात बघत होती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. आतली पितळी पाटी गुडघ्याला लागत होती. मी दोनदा विचारायचं ठरवलं की कोणतं नाव घालणार आहेस, आणि दोन्ही वेळा गप्प बसलो. आदल्या दिवसापर्यंत मला तो प्रश्नच वाटत नव्हता, हे आठवलं.

शाळेच्या फाटकात भाजीची पाटी घेऊन एक बाई बसली होती. हिला पाहून ती तिथूनच ओरडली, "ए इंदे! कवा आलीस गं?"

आणि ही वळली. एवढ्या चटकन वळली की खांद्यावरचा पदर उडाला. घरी कुणी शैलजा म्हणून हाक मारली की ती वळते, नाही असं नाही, पण आधी एक क्षण जातो. तो क्षण मला आजवर तिच्या स्वभावातला संथपणा वाटत होता. दोघी एकमेकींना धरून फाटकातच हसत राहिल्या. ती वर्गमैत्रीण निघाली.

सभागृहात मुलं आधीच ओळीने बसवलेली होती. मुख्याध्यापकांनी इरकलीचं गाठोडं सोडलं, सीताफळाचा डाग आत दुमडून ठेवला, आणि चित्र भिंतीवर चढलं. खाली मुलांत कुजबुज सुरू झाली, पहिल्या रांगेतली एक मुलगी आपली बोटं कापूस उपसल्यासारखी करून बघत होती. शाळेचे चित्रकलेचे सर पांढरा पुठ्ठा आणि काळ्या रंगात बुडवलेला ब्रश घेऊन तयार उभे राहिले.

"आक्का, नाव काय लिहू?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. माझा हात पिशवीत गेला. पाटी हाताला लागली, गार, कोपऱ्यांना टोकदार. मी ती तिथेच सोडून दिली आणि हात बाहेर काढला.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच कालची गंमत होती.

"ह्यांना इचारा, सर," ती म्हणाली. "पोस्टात व्हते ते. इंदुमती बाबाराव जाधव नावाची बाई त्यांच्या घरी ऱ्हाती का न्हाई, तेवढं त्यांना इचारा."

मुख्याध्यापकांना काही कळलं नाही. ते गोंधळून माझ्याकडे वळले. चित्रकलेच्या सरांचा ब्रश पुठ्ठ्यावर अधांतरी थांबला होता.

"राहते," मी म्हणालो. "एक्केचाळीस वर्षं झाली. राहते."